कोणताही मोबदला न घेता

किगोमा, टांझानिया
१४ ऑगस्ट १९९४

ती. अक्कास,
शिरसाष्टांग नमस्कार.

आबा गेल्याची तार मला नवव्या दिवशी मिळाली. तोवर तिकडचं सगळं आटोपलं असणार म्हणून निघालो नाही. रेल्वेतून रजाही मिळत नव्हती. शेवटचे दोन महिने तू धुळ्याहून असोद्याला येऊन त्यांच्याजवळ बसलीस, हे भाऊच्या पत्रावरून कळलं. बरं झालं. आपल्या तिघांपैकी एक तरी जवळ होतं. भाऊ तर शेतातच असतो.

आता दुसरं. पुढच्या मे महिन्यात तू शाळेतून रिटायर होशील. मी ठरवलं आहे की तुला इकडे बोलवायचं. मी इथे आलो त्याला यंदा दहा वर्षं झाली आणि माझ्या घरचं कोणी ही जागा पाहिलेली नाही. गोंबेचं जंगल इथून बोटीने तीन तासांवर आहे. चिंपांझींचं जंगल. तू कॉलेजात असताना ओट्यावर बसून मला पुस्तकातलं चित्र दाखवलं होतंस आणि म्हणाली होतीस, हे एकदा समोर बघायचं. मी तेव्हा चड्डीत होतो, पण लक्षात आहे.

तू मुंबईहून विमानाने दार-ए-सलामला ये. तिथून किगोमाची गाडी. आपल्या भुसावळ-सुरत पॅसेंजरसारखीच समज, फक्त दोन रात्री काढाव्या लागतात. पुढचं सगळं माझ्याकडे. पार्कचे साहेब लोक ओळखीचे आहेत, पास एका दिवसात मिळेल. सोबत वाटाड्या देतात. डोंगर चढावा लागतो, पण तू काटक आहेस. मी किती वेळा जाऊन आलो. शेपटीने फांदीला लोंबकळतात आणि खाली बघून दात काढतात. हसून हसून मरशील.

भाऊ म्हणत होता, वारस नोंदीचा काही कागद आहे. ते तुम्ही दोघं पाहून घ्या. मला त्यातलं कळत नाही.

तुझा,
रतिलाल

*

धुळे
५ सप्टेंबर १९९४

चि. रतिलाल यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र बारा दिवसांनी मिळालं. स्टाफरूममध्ये वाचलं. घरी येऊन पुन्हा वाचलं.

चिंपांझीला शेपूट नसतं. तू त्या जंगलातली दुसरी माकडं पाहिली असशील. तिथे तीही आहेत.

मी येणार. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले, म्हणून आधी लिहिते. एकतीस वर्षं मी हा धडा शिकवते. शाळेतला तक्ता माझ्याही आधीचा आहे. त्यावरच्या चिंपांझीचं तोंड घडीवर फाटलं आहे आणि मी दरवर्षी तिथे छडी ठेवून सांगते की हा चेहरा आपल्यासारखा असतो. मुली विचारतात, तुम्ही पाहिला का? मी नाही म्हणते.

पासपोर्टचा अर्ज आणला. पिवळ्या तापाची लस मुंबईत टोचतात, ती निघण्याच्या आधी घ्यावी लागेल. दर रविवारी लळिंगच्या किल्ल्यावर चढते. पहिल्या रविवारी अर्ध्यातून परत आले. काल वरपर्यंत गेले. सर्दी-खोकला असलेल्या माणसाने त्यांच्याजवळ जाऊ नये असं वाचलं; आपला आजार त्यांना होतो. पहिल्या बाकावर एक खोकणारी मुलगी आहे. निघायचे दिवस जवळ आले की तिला मागे बसवीन, कारण सांगणार नाही. आमच्या हेडबाई इंदिराबाई म्हणाल्या, "कुंदाबाई, एवढ्या लांब कशाला जाता? आठवी ब वर एक तास घ्या." सगळ्या हसल्या. मीही हसले. बरेच दिवसांनी.

आता मला पुढची माहिती हवी. पास देणाऱ्या साहेबांचं नाव काय, अर्ज किती दिवस आधी करायचा, बोट रोज असते का, जंगलात रात्री राहायला खोली मिळते का. आणि तू गेलास तेव्हा ते किती होते, काय करत होते? तुला जे आठवेल ते लिही. मला सगळं चालेल.

कागद कोणता?

तुझी,
अक्का

*

किगोमा
२८ सप्टेंबर १९९४

ती. अक्कास,
शि. सा. नमस्कार.

तू येणार हे वाचून फार आनंद झाला. साहेबाच्या नावाचं तुला काय करायचं? इथे माझं नाव पुरेसं आहे. शेपटीचं म्हणशील तर लांबून तसं वाटतं. गर्दी असते फांद्यांची. ते किती होते, हे मोजायला मी तुझ्यासारखा मास्तर थोडाच आहे?

कागदाचं असं आहे. आबांच्या मागे असोद्याच्या जमिनीवर आपल्या तिघांची नावं लागतात. यंदा नवा कायदा आला. वकील म्हणाला, लग्न न झालेल्या मुलीचा आता मुलांच्या बरोबरीने वाटा. पूर्वी असं नव्हतं. जमिनीला गिऱ्हाईक आलं आहे, त्याला प्लॉट पाडायचे आहेत, आणि त्याला सगळा तुकडा एकत्र पाहिजे. म्हणून तुझी हक्कसोड लागेल. आपल्यात सगळ्याच बहिणी करतात. भावाची साडी घेतात, सही करतात, माहेर राहतं. तुझं लग्न झालं नाही म्हणून तो प्रसंग आजवर आला नाही, एवढंच.

भाऊबीजेला भाऊ धुळ्याला येईल. कागद घेऊनच येईल. ते एकदा झालं की डोक्याला ताप नाही. मग तिकिटाचं बघतो.

किल्ला चढत राहा. इथला डोंगर त्याहून उभा आहे.

तुझा,
रतिलाल

*

धुळे
६ नोव्हेंबर १९९४

चि. रतिलाल यास,
आशीर्वाद.

काल भाऊबीज झाली. भाऊ आणि वहिनी सकाळच्या एसटीने आले. एका पिशवीत तीन वस्तू होत्या. साडी, स्टॅम्प पेपर आणि तुझं पत्र. पत्र बंद होतं.

तुला ठाऊक आहे की भाऊला तुझं अक्षर लागत नाही. त्याची पत्रं कोर्टापुढचा अर्जनवीस लिहून देतो. पण घरी आलेलं पत्र घरच्याच माणसाने वाचायचं, ही रीत आबांनी घातली होती, आणि तू आफ्रिकेला गेल्यापासून ते काम माझं आहे. दहा वर्षं तुझं प्रत्येक पत्र मी असोद्याच्या ओसरीत मोठ्याने वाचलं. भाऊच्या ते अंगवळणी पडलं आहे. मी विचारलं, "आठ दिवस झाले येऊन, उघडलं पण नाहीस?"

भाऊ म्हणाला, "मले कुठी लागतं त्याचं अक्षर? मुंग्या चालल्यावानी लिहितो. अन् गावात कोणाले दाखवू? वावराची गोष्ट हाये. तूच वाच, नेहमी वाचतेस तशी."

आधी कागद वाचला. त्यात लिहिलं होतं की मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, भावांवरील प्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता माझा हक्क सोडत आहे. मग तुझं पत्र फोडलं. वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. मी वाचलं ते असं:

"भाऊ, अक्काची काळजी करू नको. तिला मी चिंपांझी दाखवायला बोलावलं आहे. तिचा जीव पहिल्यापासून त्यात आहे. तेवढ्यावर ती सही करील. तिला जमिनीचं काय करायचं आहे, मूल ना बाळ. सही झाल्यावर येण्याजाण्याचं पुढे ढकलता येईल."

आवाज बदलला नाही. एकतीस वर्षं वर्गात वाचायची सवय आहे. वहिनींनी कप खाली ठेवला. भाऊ खिडकीतून बाहेर पाहत म्हणाला, "पुढी वाच." पुढे तुझी सही होती. तीही वाचली.

मग तो म्हणाला, "तसं नाही म्हनाचं त्याले."

मी पत्र घडी करून पाकिटात घातलं. तो म्हणाला, "अन् तुले तरी काय एवढं ते माकडं पाह्याचं? लळिंगले नाहीत का?"

"त्यांना शेपूट असतं," मी म्हणाले.

वहिनी हसायला लागल्या आणि लगेच थांबल्या. मी भाऊला पाटावर बसवलं, ओवाळलं. साडी घेतली. ती भाऊबीजेची आहे. कागद परत दिला. तो जाताना दारात म्हणाला, "पत्र मीच आनलं ना? लपवाचं असतं तर आनलं असतं का?" ते खरं आहे. त्याने लपवलं नाही. त्याला लपवायचं सुचलंच नाही.

मला एवढंच कळव. "पुढे ढकलता येईल" हे तू लिहिलंस ना? की माझ्या वाचण्यात काही चूक झाली?

अक्का

*

किगोमा
२ डिसेंबर १९९४

ती. अक्कास,
नमस्कार.

लिहिलं.

पण भाऊशी बोलायचं तर भाऊच्या भाषेत बोलावं लागतं, हे तुला माहीत आहे. तुला बोलवायचं माझ्या मनात पाच वर्षांपासून होतं. ते मी त्याला कसं सांगणार? तो म्हणाला असता, हौस कशाला. म्हणून तसं लिहिलं. ते पत्र तूच वाचणार हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तिथे चुकलो.

तू मला गुन्हेगारासारखं विचारतेस. दहा वर्षं मी या मुलखात कसा राहिलो, दोनदा मलेरियातून कसा उठलो, हे कधी कोणी विचारलं? पत्रात विचारायचे चिंपांझी किती होते.

आणि शेवटी सही तर तुला करायचीच आहे. असोद्यात कोणत्या बहिणीने नाही केली? झुंबरबाई आत्याने केली, तिच्या नणदेने केली. कुंदाबाईसाठी नवा रिवाज काढायचा का? गिऱ्हाईक थांबणार नाही. भाऊ रात्री जेवत नाही असं वहिनी म्हणतात.

सही कर. आबांची शपथ घेऊन सांगतो, जूनमध्ये तू बोटीत असशील.

रतिलाल

*

धुळे
२७ डिसेंबर १९९४

रतिलाल,

गेल्यांची शपथ घेऊ नये.

तुझं म्हणणं व्यवहाराचं आहे, म्हणून मीही व्यवहाराचं लिहिते. आधी मी गोंबेला येईन. चिंपांझी पाहीन. परत आल्यावर आठ दिवसांत जळगावच्या रजिस्ट्री कचेरीत जाऊन सही करीन. मी दिलेला शब्द कधी मोडला असेल तर सांग. कागदात फक्त एक बदल लागेल. "कोणताही मोबदला न घेता" हे शब्द काढायचे आणि त्या जागी "एकदा चिंपांझी पाहून" असं लिहायचं. मुलींना मी खोटं लिहू देत नाही. स्वतःही लिहिणार नाही.

तू झुंबरबाई आत्याचं लिहिलंस. आत्या गेली तेव्हा तिच्या पेटीत हक्कसोडीची ती साडी होती. घडी मोडलेली नव्हती. ती तिने का नेसली नाही, हे तिला कोणी विचारलं नाही. मीही नाही.

धड्याच्या बाहेरचं एक सांगते, कारण तुला आता चिंपांझींची माहिती हवी असेल. नर जन्मभर जन्मल्या टोळीत राहतात. भाऊ भाऊ मिळून आपली हद्द राखतात. मुली वयात आल्या की दुसऱ्या टोळीत निघून जातात. पण गोंबेत काही मुली जात नाहीत असं दिसलं आहे. आईच्याच डोंगरावर राहतात, तिचीच झाडं खातात. त्यांच्याकडून कोणी सही घेत नाही.

पास देणाऱ्याचं नाव, बोटीचा वार, राहण्याची खोली. हे मी सप्टेंबरात विचारलं होतं. तारखेसह उत्तर पाठव, मी पुढची तयारी करते. पासपोर्ट आला आहे. फोटोत मी आबांसारखी दिसते.

अक्का

*

किगोमा
१९ एप्रिल १९९५

अक्का,

चार महिने लिहिलं नाही. चार वेळा लिहून फाडलं. हे फाडायच्या आत टाकणार आहे.

मी रेल्वेत नाही. माझा करार तीन वर्षांपूर्वी संपला. नवीन केला नाही त्यांनी. क्वार्टर गेलं. तेव्हाच परत यायला पाहिजे होतं, पण भुसावळच्या शेडमधून मी कसा निघालो होतो ते तुला आठवत असेल. हार घालून, फोटो काढून. मंजुळा त्याच्याही आधी संसार सोडून पहूरला माहेरी गेली ती आली नाही, हे तू जाणतेसच. का आली नाही ते माझ्या थापा पाहून आता कळलं असेल.

इथे हाशमभाई म्हणून एक जण आहेत, मूळचे कच्छचे. त्यांच्या दुकानामागे एक खोली आहे, तिथे राहतो. तळ्यातल्या बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त करतो. त्याच बोटी गोंबेला जातात. मी काठावर दुरुस्त करून देतो आणि उतरतो.

पार्कचा कोणी साहेब माझ्या ओळखीचा नाही. मी गोंबेला कधी गेलेलो नाही. चिंपांझी पाहिलेला नाही. एकदा बाजारात कोणीतरी साखळीला बांधून आणला होता. हाशमभाईंनी मला हाक मारली, मी हात पुसून पोहोचलो तोवर पोलीस त्याला घेऊन गेले होते. लोक तिथे अजून उभे होते. मी पण थोडा वेळ उभा राहिलो.

तिकिटाला पैसे माझ्याकडे कधीच नव्हते. भाऊने लिहिलं होतं की अक्काची सही आणून दे, रस्त्याकडची पट्टी तुला ठेवतो, बाकीचा सगळा तुकडा विकू. मला तिथे दोन खोल्या बांधायच्या होत्या. परत यायला एक जागा पाहिजे होती. जावयासारखं कोणाच्या ओसरीत बसायचं वय गेलं. बावन्न पुरी होतील.

तुला बोलवायचं मनात होतं हे खोटं नाही. पण तू हे मानणार नाहीस.

येऊ नकोस. सही करायची असेल तर कर, नसेल तर करू नकोस. मी आता काही लिहिणार नाही.

रतिलाल

*

धुळे
१२ जून १९९५

रतिलाल,

एकतीस मेला मी शाळा सोडली. निरोपाला इंदिराबाई बोलल्या. मुलींनी मला तो फाटका तक्ता दिला, मागून कापड लावून.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. या वेळी मोठ्याने नाही.

हेच पत्र तू मागच्या ऑगस्टात लिहिलं असतंस तर मी जळगावला जाऊन सही केली असती. न तिकीट, न चिंपांझी. कागदातला शब्द न् शब्द तेव्हा खरा ठरला असता. तू मला ओळखून होतास. मला काय हवं ते तुला बरोबर ठाऊक होतं, पण मी काय देईन ते तुला ठाऊक नव्हतं. याचं मला जास्त वाटतं. तू खोटं लिहिलंस त्याचं तेवढं नाही.

आता सही नाही. वारस नोंदीत तीन नावं लागली. गिऱ्हाईक निघून गेलं. मी वाटणीचा अर्ज दिला आहे. भाऊ तहसीलच्या जिन्यात भेटला तेव्हा बाजूला सरकला, जशी मी परकी बाई आहे. यंदा आखाजीला, ऐन अक्षय्य तृतीयेला, असोद्याहून बोलावणं आलं नाही. गल्लीतल्या सगळ्या बाया माहेरी गेल्या होत्या. झोक्यांचा आवाज नव्हता. मी लळिंगला गेले. एका दमात चढले.

मी सप्टेंबरात गोंबेला जाणार आहे. माझ्या फंडातून. माझी जुनी विद्यार्थिनी जैनब दार-ए-सलामला असते, तिच्या नवऱ्याने पार्कच्या कचेरीत विचारून सगळं कळवलं. पासाला कोणाची ओळख लागत नाही. पैसे भरून कोणालाही मिळतो.

किगोमात मला एक रात्र राहावं लागेल. हाशमभाईंच्या दुकानाकडे मी येणार नाही. तू स्टेशनवर येऊ नकोस.

कुंदा

*

किगोमा
९ जुलै १९९५

अक्का,

दार-ए-सलामची गाडी आठवड्यातून दोनदा येते. सप्टेंबरातल्या प्रत्येक गाडीला मी स्टेशनवर असेन. तू नको म्हटलं आहेस, तरी असेन.

बोटींचं लिहितो. बंदरावर तीन बोटवाले तुला ओढतील. निळ्या पट्ट्याच्या बोटीत बस, तिचं इंजिन मी मे महिन्यात उघडून बसवलं आहे, ते मध्येच बंद पडणार नाही. पहाटेच निघ. दुपारी वारा सुटतो आणि तळ्याला लाटा येतात. मागच्या बाजूला डावीकडे बस, तिथे पाणी उडत नाही. चटई सोबत ने, फळी टोचते. उतरताना दगडगोटे आहेत, चप्पल काढू नकोस.

हे सगळं खरं आहे. बोटींचं मला माहीत आहे.

कागदाचं मी काही विचारत नाही.

रतिलाल

*

दार-ए-सलाम
२४ सप्टेंबर १९९५

रतिलाल,

मी उद्या निघते. त्याआधी हे टाकते.

किगोमाला गाडी अकरा तास उशिरा पोहोचली. तू तिथे होतास. पिंपळासारखी मोठी झाडं आहेत स्टेशनसमोर, त्यांच्याखाली बसून तू उठलास तेव्हा तुझ्या गुडघ्यावर तू हात ठेवलास. केस सगळे गेले. डब्यातून बायका उतरत होत्या आणि तू त्यांच्या साड्या पाहत होतास. मी पंजाबी ड्रेस घातला होता, डोक्यावर टोपी, पायात कॅनव्हासचे बूट. माझ्या डब्यात दोन गुजराती कुटुंबं होती, तुला मी त्यांच्यातली वाटले असेन. तू माझ्याकडे नीट पाहिलंस. मग "समाहानी", माफ करा, म्हणून बाजूला झालास. माझी बॅग तुझ्या हाताला लागली होती.

मी थांबू शकले असते. पण मी बोलले असते आणि तू पहिल्यांदा कागदाचं विचारलं असतंस की माझ्या प्रकृतीचं, हे मला कळून घ्यायचं नव्हतं. मी फाटकाबाहेर येऊन मागे पाहिलं. तू रिकाम्या डब्यांच्या खिडक्यांतून आत पाहत पाहत शेवटापर्यंत गेलास.

निळ्या पट्ट्याच्या बोटीतच बसले. मागे, डावीकडे. पाणी उडालं नाही. इंजिन बंद पडलं नाही.

मला तीन दिवसांचा पास होता. पहिल्या दिवशी घरटी पाहिली, झाडात उंचावर, आदल्या रात्रीची, आणि खाली चावून टाकलेली फळं. दुसऱ्या दिवशी नुसता आवाज. दरीच्या पलीकडून एकाने सुरू केला, मग सगळ्यांनी. वाटाड्या थांबला. मी तिथेच खाली बसले. तिसऱ्या दिवशी चार तास चढल्यावर ते दिसले. दोन नर होते, मोठे, माझ्यापासून असोद्याच्या ओसरीएवढ्या अंतरावर. एक आडवा पडला होता. दुसरा त्याचा हात वर धरून काखेतले केस बोटांनी विंचरत होता, एकेक करून, खालचा ओठ पुढे काढून. वाटाड्या हळूच म्हणाला, एका आईचे आहेत.

मी चाळीस मिनिटं पाहिलं. वर्गात सांगितलेलं सगळं बरोबर होतं. नखं, तळहाताच्या रेषा, कान. चेहरा आपल्यासारखा असतो हे मात्र मी चुकीचं सांगत आले. तो आपल्यासारखा नसतो. त्यावर काही लपवलेलं नसतं. पडलेल्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले. त्याला माझ्याकडून काहीच नको होतं.

मला खरं म्हणजे एखादी एकटी मादी पाहायची होती. आईच्या डोंगरावर राहिलेली. ती दिसली नाही. वाटाड्याला विचारलं तर म्हणाला, त्या शांत असतात, माणसाला लवकर सापडत नाहीत.

मी का लिहिते आहे असं तुला वाटेल. परतीच्या बोटीत मी मनात वाक्यं जुळवत होते आणि ती सगळी तुला उद्देशून होती. इंदिराबाईंना सांगेन, त्या हसतील. भाऊ ऐकणार नाही. आबा नाहीत. ज्याला हे सांगावं असा माणूस मला एकच आहे आणि तो तू आहेस. हे तू माझ्याबरोबर सगळ्यात वाईट केलंस.

वाटणी दिवाळीनंतर होईल. मोजणीवाला तीन पट्ट्या पाडील. रस्त्याकडची भाऊ सोडणार नाही. मधली तुझी, विहिरीकडची माझी. ये आणि बांध, मी आड येणार नाही. माझ्या बाजूच्या भिंतीला खिडकी ठेवू नकोस.

कुंदा नारखेडे